पद्मिनी पुन्हा हवी?

प्रीमिअर पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली; तरी ती पुन्हा निघावी, असे मनापासून म्हणणारे रसिक आजही भेटतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी घडे. मूळ आराखडा फियाट ११०० चा. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. यंत्ररचना इतकी सरळ की नाक्यावरचा मिस्त्रीही चार पान्यांनी तिला मार्गी लावी. म्हणूनच मुंबईच्या असंख्य टॅक्सीचालकांचे संसार तिच्यावर उभे राहिले. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शहरातील अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपताच २०२३ मध्ये निवृत्त झाली.

तथापि ताळेबंदाला दोन बाजू असतात. गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे, कारण पर्यायच मोजके होते. आजच्या धूरविषयक व सुरक्षेच्या निकषांना ती उतरणार नाही. तेव्हा खरी उणीव भासते ती पद्मिनीची नव्हे, सहज दुरुस्त होणाऱ्या वस्तूची. ही अपेक्षा मात्र रास्त आहे. नवी गाडी घेताना रंगाआधी सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे ग्राहकाने अवश्य विचारावे.