कामगारांच्या आरोग्याचा हिशोब कोण ठेवतो?

कंपन्यांमध्ये आता ‘वेलनेस’ नावाचे एक फॅड रुजले आहे. योगासनांचा वर्ग, रक्ततपासणीचे शिबीर, पावले मोजणारे घड्याळ, तणावमुक्तीवर कुणा बुवाचे व्याख्यान. वर्षअखेरीस अहवाल निघतो की एवढा खर्च केला, एवढ्या रजा कमी झाल्या, सबब कंपनीचा इतका फायदा झाला. महानगरपालिकाही मागे नाहीत. सफाई कामगारांसाठी शिबीर भरते, फीत कापली जाते, साहेबांचा फोटो छापून येतो आणि ‘इतक्या कामगारांची तपासणी झाली’ असा आकडा जाहीर होतो. त्यातून नेमके कोणाचे आरोग्य सुधारले, हे कोणी विचारीत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न विचारला गेला. इलिनॉय विद्यापीठात 2016 साली सुमारे 5 हजार कर्मचाऱ्यांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काहींना अशा कार्यक्रमात बोलावले, बाकीच्यांना वगळले. भाग घेणारे आणि न घेणारे अशी नेहमीची तुलना केली, तर कार्यक्रमाचा भरघोस फायदा दिसत होता. पण चिठ्ठीने पाडलेल्या दोन गटांची तुलना करताच दवाखान्याच्या खर्चातला आणि आजारपणाच्या रजांतला तो फरक नाहीसा झाला. कारण साधे होते. मुळात धडधाकट असलेले, दवाखान्याचा खर्च आधीच कमी असलेले लोकच कार्यक्रमात जास्त आले होते. 2019 साली तिथल्याच एका दुकानसाखळीतील सुमारे 33 हजार कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्मचारी म्हणत होते की आम्ही व्यायाम करतो, पण दीड वर्षानंतर रक्तदाबात, रजांत आणि खर्चात लक्षणीय फरक नव्हता.

आपल्याकडे हाच घोटाळा जातीच्या अंगाने होतो. शिबिराला कोण येतो? कायम कामगार येतो. ठेकेदाराकडच्या माणसाला शिबिरात जायचे तर दिवसाचा रोज बुडवावा लागतो, आणि मुकादमाचे बोलणे खावे लागते ते वेगळेच. जो दम्याने, क्षयाने काम सोडून गावी गेला, जो मेला, त्याचे नाव हजेरीपटावरून निघते आणि उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारते! मुंबई महापालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना आपण पालिकेचेच कामगार आहोत हे ठरवून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा कुठे 2017 साली निकाल लागला. ज्याला कामगार म्हणूनच मोजत नाहीत, त्याचा रक्तदाब कोण मोजणार?

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा 2013 चा कायदा 6 डिसेंबर 2013 रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी अंमलात आला. साधनांशिवाय कोणालाही गटारात उतरवणे त्याने गुन्हा ठरवला. गटारात गुदमरून मेलेल्याच्या वारसांना 10 लाखांऐवजी 30 लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. पण हे झाले एका दिवसात येणाऱ्या मरणाचे. वीस वर्षे कचऱ्याच्या गाडीवर उभे राहून जे फुप्फुस हळूहळू निकामी होते, त्याची नोंद कोणत्या वहीत आहे? प्राणायामाने गटारातला विषारी वायू कमी होत नाही. तिथे यंत्र लागते, आणि यंत्राला पैसे लागतात.

बाबासाहेबांनी या प्रश्नाकडे कधीही मालकाची दया म्हणून पाहिले नाही. 1928 साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने खर्चाचा वाटाही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. ते मजूरमंत्री असताना 1944 मध्ये आडारकरांचा आरोग्यविम्याचा अहवाल सादर झाला आणि त्यातूनच पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. कामगाराच्या आरोग्याने मालकाचा नफा किती वाढतो, हा हिशोब मालकाने खुशाल करावा. आपला हक्क त्या हिशोबावर अवलंबून नाही.

मी वकील आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून जडणारा रोग हा व्यवसायजन्य रोग मानण्याची तरतूद 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात होती. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण दावा चालतो कागदावर. कामाला लागताना तपासणी झालेली नाही, झाली तर कागद कामगाराच्या हाती नाही, दवाखान्याच्या केसपेपरवर तो काय काम करतो हे लिहिलेले नाही, अशा अवस्थेत विधवा बाई कोर्टात येते तेव्हा वकिलाचेही हात बांधलेले असतात.

नव्या संहितांनी ठराविक वयाच्या पुढच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत तपासणी देऊ केली आहे. तेव्हा चळवळीच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या महापालिकेत, नगरपरिषदेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. दहा रुपयांचे तिकीट लागते, विषय एकच ठेवावा, शब्द दीडशेच्या आत. कायम किती आणि कंत्राटी किती तपासले, मागच्या पाच वर्षांत सेवेत असताना किती वारले आणि कशाने, तपासणीनंतर किती जणांचे काम बदलून दिले, एवढेच विचारावे. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तरी तो कागद जपून ठेवावा. पुढे कोर्टात तोच लागतो.