घरच्या घरी व्यायाम : रबरी पट्टी कशी निवडावी, कशी वापरावी?

दिवसभर राबून अंग मोडून येते, मग आणखी व्यायाम कशाला, असा प्रश्न आपल्या माता-भगिनी नेहमी करतात. प्रश्न रास्त आहे. पहाटे पाणी भरण्यापासून रात्री भांडी घासेपर्यंत जिचे हात थांबत नाहीत, तिला व्यायामाचा उपदेश करणे म्हणजे तिची थट्टाच वाटेल. पण श्रम आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रमात आपण कामाच्या सोयीने वाकतो. केर काढताना, कपडे धुताना, भाकरी थापताना पाठ पुढेच झुकलेली असते. हंडा असो की मूल, ते नेहमी एकाच कमरेवर. त्यामुळे काही स्नायू रोज दमतात आणि पाठीच्या वरच्या भागाचे, खुब्याचे स्नायू मात्र मागे पडतात. व्यायामात कोणत्या स्नायूला किती काम द्यायचे आणि कुठे थांबायचे, हे आपण ठरवतो. दिवसभर खुर्चीवर किंवा गाडीच्या सीटवर बसून नोकरी करणाऱ्या बंधूंनाही हेच लागू आहे.

तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणे, एसटीची पायरी चढताना दांडा धरून अंग वर ओढावे लागणे, ही त्याची लक्षणे. पुढे हीच माणसे पडतात, हाड मोडून घेतात आणि दुसऱ्यावर अवलंबून राहतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांत चालण्यासारख्या व्यायामाबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे सांगितले आहे. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा आणि ताकदीचा व्यायाम तीन किंवा अधिक दिवस करावा, असेही त्यात म्हटले आहे.

जिमची फी आणि तेथवर जाण्याचा वेळ सर्वांना परवडत नाही. लहान घरात डंबेल्स ठेवायला जागा नसते. अशा घरासाठी रबरी पट्टी, म्हणजेच रेझिस्टन्स बँड, हे सोयीचे साधन आहे. घडी केली की ती डब्यात मावते. फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत ती पुष्कळ वर्षांपासून वापरली जाते.

पट्टीचे प्रकार

सपाट पट्टी : पातळ, साधारण १२ ते १५ सेंटिमीटर रुंद आणि दीड ते दोन मीटर लांब. वयस्कर माणसांना आणि नवशिक्यांना हीच उत्तम. हाताला गुंडाळून हवी तेवढी लांब-आखूड करता येते.

लहान गोल पट्टी : गुडघ्याच्या वर किंवा घोट्यात अडकवून खुबा आणि मांडी यांचे व्यायाम करण्यासाठी.

मोठी गोल पट्टी : जाड आणि जोरकस. कसलेल्या शरीरासाठी. सुरुवातीला घेऊ नये.

मुठीची नळी : दोन्ही टोकांना मुठी असलेली पोकळ रबरी नळी. पकड चांगली बसते. मात्र मुठीजवळचा जोड पक्का आहे ना, हे पाहून घ्यावे.

सायकलची जुनी ट्यूब कापून वापरण्याचा मोह होतो. पण पंक्चर काढलेल्या जागी ती केव्हा तुटेल याचा भरवसा नसतो.

निवड रंगावर नको

पट्टीचा रंग तिचा जोर दाखवतो. थेराबँड कंपनीच्या पट्ट्यांत पिवळी, लाल, हिरवी, निळी, काळी असा चढता क्रम असतो. पट्टी मूळ लांबीच्या दुप्पट ताणली, तर पिवळीचा जोर सुमारे १.३ किलो, लालचा १.७, हिरवीचा २.१, निळीचा २.६ आणि काळीचा ३.३ किलो भरतो. परंतु सर्व कंपन्यांचे रंग सारखे नसतात. एकाची लाल पट्टी दुसऱ्याच्या निळीएवढी कडक असू शकते. म्हणून मोबाईलवरून मागवताना रंग न पाहता किलो किंवा पौंडात लिहिलेला जोर वाचावा. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम.

डंबेलचे वजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढेच राहते. रबर मात्र ताणाल तसे जड होत जाते. त्यामुळे एकच पट्टी लांब धरली तर हलकी, आखूड धरली तर जड होते. पाच पट्ट्यांचा संच लगेच घेण्याची गरज नाही. एक हलकी आणि एक मध्यम पट्टी पुरते.

योग्य पट्टी ओळखण्याची खूण सोपी आहे. एक व्यायाम सलग दहा-बारा वेळा करून पाहावा. शेवटच्या दोन वेळा जड जाव्यात, पण पाठ वाकू नये आणि हात थरथरू नयेत. सहाव्या वेळेसच दम संपला तर ती पट्टी जड आहे. वीस वेळा गप्पा मारत झाले तर हलकी आहे.

बहुतेक पट्ट्या लेटेक्सच्या, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराच्या असतात. फुगा किंवा रबरी हातमोजे यांनी ज्यांच्या अंगाला खाज येते, त्यांनी लेटेक्स नसलेलीच पट्टी मागून घ्यावी.

पाच सोपे व्यायाम

१. जमिनीवर पाय पुढे करून बसावे, गुडघे थोडे वाकवावेत. पट्टी दोन्ही तळव्यांभोवती एक वेढा देऊन अडकवावी. नुसती टेकवल्यास ती निसटून तोंडावर येते. पाठ ताठ ठेवून कोपरे मागे ओढावीत. सतत पुढे वाकणाऱ्यांना हा व्यायाम सर्वांत उपयोगी.

२. पट्टी दोन्ही हातांत धरून हात छातीसमोर सरळ करावेत आणि बाजूंना फाकवावेत. खांदे कानांकडे चढू देऊ नयेत.

३. पट्टी पाठीमागून काखेखाली आणून दोन्ही टोके हातांत धरावीत आणि हात समोर ढकलावेत.

४. खुर्चीवर बसून पट्टी एका तळव्याला वेढा देऊन अडकवावी, टोके हातांत घट्ट धरावीत. गुडघा छातीकडे घेऊन पाय समोर ढकलावा. मग दुसरा पाय.

५. खुर्चीवरून हात न टेकता उठावे, बसावे. आधी पट्टीशिवाय. हे सहज जमू लागले की पट्टी पायांखाली दाबून टोके खांद्यांपाशी धरावीत आणि मग उठावे.

प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, थोडी विश्रांती घेऊन असे दोन फेरे करावेत. ओढताना दोन आकडे मोजावेत, परत येताना चार. पट्टीने आपल्याला ओढून नेऊ नये, आपण तिला सावकाश सोडावे. श्वास कोंडू नये. जोर लावताना सोडावा, परत येताना घ्यावा. श्वास कोंडल्याने रक्तदाब चढतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. मध्ये एक दिवस सोडावा. पंधरा वेळा सहज होऊ लागले की पट्टी आखूड धरावी, त्यानंतरच पुढची घ्यावी.

डोळ्यांना जपा

ताणलेली पट्टी तुटली किंवा निसटली तर चाबकासारखी लागते. डोळ्याला गंभीर इजा झाल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून :

पट्टी चेहऱ्याच्या दिशेने ओढू नये आणि ताणलेली असताना सोडू नये. मूळ लांबीच्या अडीचपटीपेक्षा जास्त ताणू नये.

व्यायामापूर्वी बांगड्या आणि अंगठ्या काढाव्यात. काचेची बांगडी फुटून मनगट आणि रबर दोन्ही कापते.

दर वेळी पट्टी उजेडात थोडी ताणून पाहावी. बारीक चीर, भोक किंवा पांढुरका पडलेला भाग दिसला की ती फेकून द्यावी. गाठ मारून वापरण्यात काटकसर नाही, धोका आहे.

खिडकीचे गज किंवा नळ यांना पट्टी बांधू नये. दारात अडकवायचीच असेल तर दार बंद करून कडी लावावी आणि ते आपल्यापासून पलीकडे उघडत असेल अशाच बाजूला उभे राहावे.

तेलकट हात लावू नयेत. ऊन आणि तेल हे रबराचे शत्रू आहेत. साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी, थोडी टाल्कम पावडर लावून ठेवावी. तापलेल्या पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. मुलांच्या हाती गलोल म्हणून देऊ नये.

आधी डॉक्टरांना विचारा

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली कोणतीही शस्त्रक्रिया (मोतीबिंदूचीसुद्धा), गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे पहिले महिने, अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरुवात करू नये. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे ठणकणे स्वाभाविक आहे. परंतु सांध्यात कळ आली, छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबावे. छातीतले दुखणे अंगावर काढू नये, तडक दवाखाना गाठावा.

घरातील कर्त्या मंडळींना एक सांगणे आहे. पट्टी आणून दिली म्हणजे आपले काम संपले नाही. आई किंवा पत्नी व्यायामाला बसेल ती वीस मिनिटे चहा दुसऱ्या कुणी ठेवावा, दार दुसऱ्या कुणी उघडावे. ही वीस मिनिटे तिला मिळाली नाहीत, तर पट्टी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये व्यायामाच्या दिवसाच्या चौकटीत पट्टीचा रंग आणि किती वेळा केले तो आकडा लिहीत जावा. दोन-तीन महिन्यांनी पाने उलटून पाहावीत. आकडे वाढलेले असतील आणि जमिनीवरून उठताना हात टेकायची गरज कमी झाली असेल, तर व्यायाम योग्य चालला आहे असे समजावे.