चमचाभर शाईचा हिशेब



दीपावलीच्या वहीपूजनाला पाटावर नवी चोपडी, लेखणी आणि दौत मांडण्याची आपली रीत आजही टिकून आहे. प्रत्यक्ष लेखनाचे काम मात्र बहुतेक पेढ्यांवर संगणक आणि प्रिंटर करतात. या प्रिंटरच्या पोटातही एक दौत असते. तिला आपण कार्ट्रिज म्हणतो. फरक एवढाच की, शाई संपली म्हणून जुन्या पेढीवरची दौत कोणी उकिरड्यावर टाकली नव्हती. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी पुढे ‘कॅम्लिन’ म्हणून नावारूपास आलेला उद्योग सुरू केला, तो ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि गोळ्या विकून. गोळी पाण्यात विरघळवायची आणि दौत पुन्हा भरायची, हा तेव्हाचा घरोघरचा नेम होता. आज शाईपेक्षा दौत कितीतरी महाग आहे आणि नेमकी तीच आपण दर दोन-चार महिन्यांनी फेकून देतो.

घरच्या घरी कार्ट्रिज भरावे की नाही, हा प्रश्न अनेक घरांत तरुण मंडळी आणि वडीलधारे यांच्यात वादाचा होतो. एक बाजू काटकसरीचा आग्रह धरते, दुसरी प्रिंटर बिघडण्याची भीती दाखवते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणून आधी वस्तू समजून घेऊ आणि मग हिशेब मांडू.

अनेक स्वस्त इंकजेट प्रिंटरमध्ये कार्ट्रिज म्हणजे केवळ शाईची डबी नसते. तिच्या तळाशी केसाहूनही बारीक छिद्रांची एक पट्टी असते. तिला प्रिंटहेड म्हणतात. प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म तापक असतो. विजेच्या क्षणिक स्पंदनाने तो तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा उठतो आणि शाईचा कण कागदावर फेकला जातो. पान उमटते ते अशा असंख्य कणांनी. आतील स्पंजमध्ये भरलेली शाई मात्र लहान काळ्या कार्ट्रिजमध्ये बहुधा चहाच्या चमचाभरच, म्हणजे चार-पाच मिलिलिटर असते.

वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर एकाच डबीत भांडवली वस्तू आणि महसुली खर्च एकत्र बांधले आहेत. प्रिंटहेड ही भांडवली वस्तू असून ती अनेक वेळा वापरता येते. शाई हा रोजचा खर्च आहे. चमचाभर शाई संपली की चालू स्थितीतील यंत्रही आपण कचऱ्यात घालतो. तेल संपले म्हणून कोणी समई टाकून देत नाही.

आता आकडे पाहू. पुढील भाव केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या बिलावरचे आकडे त्या जागी घालावेत. समजा, नवे काळे कार्ट्रिज ९०० रुपयांना मिळते आणि त्यातून १५० पाने निघतात. एका पानाला ६ रुपये पडले. आता १०० मिलिलिटर शाईची बाटली ३०० रुपयांना आणली. एका वेळच्या ४ मिलिलिटर शाईचे १२ रुपये झाले. तेच कार्ट्रिज पाच वेळा भरले, तर एकूण ९०० पाने आणि खर्च ९६० रुपये. एका पानाला सुमारे १ रुपया ७ पैसे. दुर्दैवाने पहिल्याच भरण्यानंतर प्रिंटहेडने मान टाकली, तरी ३०० पानांना ९१२ रुपये, म्हणजे पानाला ३ रुपये ४ पैसे पडले. वाईटात वाईट धरूनही खर्च निम्म्यावर येतो.

पण येथेच थांबणारा हिशेब अपुरा आहे. तिसरा मार्ग आहे तो टाकीच्या प्रिंटरचा. त्यात बाटलीतून थेट टाकीत शाई ओतायची असते आणि पानाला काही पैसेच पडतात. समजा ९ पैसे धरले आणि असा प्रिंटर ८,००० रुपयांनी महाग आहे असे मानले, तर भरलेल्या कार्ट्रिजच्या तुलनेत पानामागे ९८ पैसे वाचतात. जादा रक्कम वसूल व्हायला सुमारे ८,२०० पाने लागतील. मालाच्या विक्रीवरील कर-बिल तीन प्रतींत काढावे लागते : एक ग्राहकाची, एक वाहतूकदाराची आणि एक आपली. खामगाव किंवा मलकापूरच्या एखाद्या पेढीवर रोज दहा बिले निघत असतील, तर ३० पाने झाली आणि टाकीचा प्रिंटर वर्षाच्या आत आपली किंमत फेडतो. याउलट घरी मुलांचे प्रकल्प, एखादा अर्ज, पर्युषणातील कार्यक्रमपत्रिका मिळून महिन्याला ३० पानेच निघत असतील, तर तीच रक्कम वसूल व्हायला बावीस वर्षांहून अधिक काळ जाईल. तात्पर्य, पेढीवर टाकीचा प्रिंटर आणि घरी भरलेले कार्ट्रिज, असा विवेक बहुतेकांना उपयोगी पडावा.

भरायचेच ठरले, तर ते काम जयणेने करावे. जयणा हा शब्द आपल्याला स्वयंपाकघरातील आणि चालण्या-बोलण्यातील सावधपणासाठी परिचित आहे. येथेही तो तंतोतंत लागू पडतो. मेजावर वर्तमानपत्र पसरावे, हातमोजे घालावेत, लहान मुलांना दूर ठेवावे. कार्ट्रिजवरील चिकटपट्टी हळुवार उचलली की खाली छिद्रे दिसतात. सिरिंजमध्ये शाई घेऊन सुई स्पंजमध्ये घालावी आणि थेंबाथेंबाने दाबावी. घाई केली की स्पंजमध्ये हवा अडकते आणि मग कार्ट्रिज भरलेले असूनही पानावर पांढऱ्या रेघा उमटतात. शाई वर येऊ लागताच थांबावे. रंगीत कार्ट्रिजमध्ये निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन कप्पे असतात. कोणत्या छिद्राखाली कोणता रंग आहे, हे टोकाला लागलेल्या शाईवरून आधी पाहावे आणि प्रत्येक रंगासाठी वेगळी सुई घ्यावी.

तळाची पट्टी मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपावी, घासू नये. तांब्याच्या संपर्कबिंदूंना बोट लावू नये. पुसण्यासाठी डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांतील खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या वाचकांना बोअरच्या पाण्यातील क्षार भांड्यांवर कसा बसतो, हे सांगायला नको. तोच क्षार केसाहून बारीक छिद्रात बसला, तर कार्ट्रिज कायमचे गेले.

आणखी दोन नियम लक्षात ठेवावेत. पहिला, कार्ट्रिज पूर्ण कोरडे होण्याची वाट पाहू नये. आतील शाईच तापकाला थंड ठेवते. शाई नसताना छपाई चालू राहिली, तर तापक जळतो. अक्षरे फिकी होऊ लागताच भरावे. दुसरा, प्रिंटर दीर्घकाळ बंद ठेवू नये. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हात छिद्रांतील शाई लवकर सुकते, म्हणून आठवड्यातून एखादे पान काढावे. भरल्यानंतरही संगणक ‘शाई संपली’ असेच सांगत राहील, त्याने गोंधळू नये. अनेक प्रिंटर शाई मोजत नाहीत. किती थेंब उडाले याची नोंद ठेवून अंदाज बांधतात.

आता या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग : कोणत्या कागदासाठी कोणती शाई. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकीत रंग पाण्यात विरघळलेला असतो, तिला डाय शाई म्हणतात. दुसरीत रंगाचे सूक्ष्म कण तरंगत असतात, ती पिगमेंट शाई. डाय शाई स्वस्त असते. पण पाण्याने पसरते आणि उजेडाने विटते. काळ्या पिगमेंट शाईतील कण असतो कार्बनचा, म्हणजे आपल्या काजळीचाच. शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड येथील शास्त्रभांडारांत जुन्या हस्तलिखितांचा ठेवा जपला गेला आणि १९३० च्या दशकात प्रा. हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांनी तेथील अपभ्रंश ग्रंथ संपादित करून प्रकाशात आणले. आपल्या लेखनिकांनी पिढ्यान्‌पिढ्या काजळी आणि डिंक घोटून शाई केली. त्या शाईची अक्षरे शतकांनंतरही वाचता येतात, याचे एक कारण हा न विटणारा कार्बन.

आपली बिले शतके टिकायला नकोत. पण कायद्याने सांगितलेला काळ तरी टिकली पाहिजेत. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२४-२५ या वर्षाची ती तारीख ३१ डिसेंबर २०२५ धरली, तर एप्रिल २०२४ मधील बिल ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत, म्हणजे पावणेआठ वर्षे वाचता आले पाहिजे. गळक्या छपराखालच्या कपाटात डाय शाईचे बिल एका पावसाळ्यात निळा डाग होऊन बसते. वसुलीच्या दाव्यात किंवा करतपासणीत त्या डागाला कोणी पुरावा मानणार नाही. म्हणून बिले, करारपत्रे, मालसाठ्याची विवरणे पिगमेंट शाईत किंवा लेझर प्रिंटरवर काढावीत आणि त्यांची संगणकीय प्रत वेगळी जपावी. मुलांचे तक्ते आणि निमंत्रणे यांना डाय शाई पुरेशी आहे. मूळ कार्ट्रिजमध्ये जी शाई होती, तीच जात पुन्हा भरावी. दोन्हींचे मिश्रण झाले की गाठी होऊन छिद्रे बुजतात.

कार्ट्रिज भरणे गैर तर नाही ना, अशी शंका काही श्रावक बंधू विचारतात. विकत घेतलेल्या वस्तूवर ग्राहकाची मालकी असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्क कंपनीच्या टोनर कार्ट्रिजच्या खटल्यात, एकदा वस्तू विकल्यावर कंपनीचा पेटंटहक्क संपतो, असा निर्णय दिला. तो निर्णय तेथील आहे, आपल्याकडे बंधनकारक नाही. पण त्यामागील तत्त्व व्यापाऱ्याला सहज पटणारे आहे. मात्र भरलेल्या शाईमुळे झालेल्या बिघाडाची जबाबदारी कंपनी हमी-काळात नाकारू शकते. नव्या प्रिंटरचे हमीपत्र आधी वाचावे. भरलेले कार्ट्रिज नवे म्हणून दुसऱ्याला विकणे मात्र उघड असत्य आहे. त्याला कोणताही निर्णय आधार देत नाही.

शेवटी, सांडलेली शाई नाल्यात धुऊन टाकू नये. जुन्या कागदाने टिपून घ्यावी. सुई टोपण लावून जाड डबीत ठेवावी. थकलेले कार्ट्रिज घरच्या कचऱ्यात जाऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत प्रिंटरसोबत कार्ट्रिजचाही समावेश आहे, म्हणून ती ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच सोपवावीत. गावातील पाच-दहा कुटुंबांनी मिळून स्थानकात किंवा मंगल कार्यालयात एक पेटी ठेवली, तर हे काम सुकर होईल. एखाद्या युवक मंडळाने ते अंगावर घ्यावे. आणि येत्या वहीपूजनापासून चोपडीत छपाईखर्चाचे एक स्वतंत्र खाते उघडावे : एका बाजूला रुपये, दुसऱ्या बाजूला पाने. वर्षअखेरीस भागाकार केला की आपल्या घराला कोणता मार्ग योग्य, हे कोणाला विचारावे लागणार नाही.