तालीम आणि जिम

मराठीत ‘तालीम’ म्हणजे आखाडा, उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. शब्द एकच, अरबीतून आलेला. ‘वस्ताद’ हा ‘उस्ताद’चाच भाऊ. दोन्ही भाषा शिकवताना मी हे मुलांना सांगतो, मुलं हसतात. पण हल्ली बारावी झालेला एखादा मुलगा येऊन म्हणतो, ‘सर, मला जिममध्ये ट्रेनर व्हायचंय’, तेव्हा वाटतं की या शब्दाचे दोन्ही अर्थ त्याच्यासाठी एकत्र आणायला हवेत.

घरी याला कोणी काम समजत नाही. अब्बांना वाटतं, पोरगा दंड फुगवून फिरणार. गामा पैलवानाचं नाव आजही अभिमानाने घेणाऱ्या आपल्या लोकांत ही तुच्छता कुठून आली, कोण जाणे!

मात्र मुलांचीही एक समजूत साफ चुकीची आहे. शरीर कमावलं की आपण ट्रेनर झालो, असं त्यांना वाटतं. उर्दू बोलणारा प्रत्येक जण उर्दू शिकवू शकला असता, तर बी.एड. कशाला हवं होतं? ट्रेनरकडे पैसे देऊन येणारा माणूस बहुधा विशीतला नसतो. तो पंचेचाळीशीचा असतो, शुगर असते, गुडघा दुखत असतो. त्याला वजन उचलायला लावण्याआधी विचारावं लागतं : छातीत दुखतं का, चक्कर येते का, गोळ्या कोणत्या चालू आहेत? गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवावं लागतं. नंतर भार हळूहळू वाढवायचा. आम्हाला बी.एड.ला ‘सोप्याकडून अवघडाकडे’ शिकवलं होतं, ते हेच.

आपल्याकडे ट्रेनर व्हायला वकिलासारखी सनद लागत नाही, म्हणून कोणीही उभा राहतो. तरीही प्रमाणपत्र घ्यावंच. एसीई, एनएएसएम या अमेरिकी संस्थांच्या परीक्षा इथूनही देता येतात. वय 18 पूर्ण हवं, सीपीआर शिकलेलं हवं, आणि दर दोन वर्षांनी नवं शिकून प्रमाणपत्राचं नूतनीकरण करावं लागतं. अडचण इंग्रजीची आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलाने स्नायूंची नावं पाठ करायला वर्षभर आधी बसावं. घाईत फी भरू नये.

कमाईचंही स्पष्ट बोलू. सुरुवातीला पगार तुटपुंजा असतो. पर्सनल ट्रेनिंगची फी वेगळी मिळते, पण त्यातही जिमचा वाटा असतो. लोक कामाआधी आणि कामानंतर येतात, म्हणून पहाटे पाचला उठायचं, रात्री दहाला परतायचं, दुपार मोकळी. रमजानमध्ये तर वेळापत्रकच उलटं होतं. तरावीहनंतर येणाऱ्यांसाठी थांबावं लागतं. मग कमी पडलेले पैसे पावडरच्या डब्यांच्या कमिशनमधून काढायचा मोह होतो. आणि तिथून पुढे इंजेक्शनं. स्टेरॉइड डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, हे ठाऊक असूनही ती मुलांच्या हातात पडतात. यकृत आणि हृदय बिघडवणारी ही कमाई हलाल कशी म्हणायची?

मुलींबद्दल तर मी आग्रहाने सांगेन. आपल्या मोहल्ल्यातल्या किती बायकांना डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला असतो! पण पुरुष शिकवणार म्हटल्यावर त्या जिमकडे फिरकत नाहीत. एखाद्या घराची गच्ची, दोन-चार डंबेल्स, रबरी पट्टे आणि नीट शिकलेली एक मुलगी, एवढ्यावर सकाळची एक बॅच सहज चालू शकते. बीएस्सी होऊन घरी बसलेल्या मुलींचे पालक मला शिकवण्यांबद्दल विचारतात. मी त्यांना हेही सुचवतो. अजून कोणी हो म्हटलेलं नाही.