जागरण हीसुद्धा नशाच

पंचशीलातील पाचवे शील आपण दारूपुरतेच धरून ठेवले आहे. घरात दारू नाही म्हणजे पाचवे शील पाळले, असा आपला समज असतो. पण मद्य प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला कारण ठरते, म्हणून ते टाळायचे आहे. बेसावधपणा दुसऱ्या वाटेनेही येतो. आपल्या वस्तीतल्या चालकांच्या बाबतीत ती वाट अपुऱ्या झोपेची आहे, आणि तिच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही.

आपल्या वस्त्यांतली कितीतरी घरे चाकावर चालतात. रिक्षा, टेम्पो, घंटागाडी, ट्रक, शाळेची व्हॅन, आणि आता दुचाकीवरून घरोघरी पार्सल पोचवणारी मुले. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. वेग, दारू, हेल्मेट यांसाठी पोलीस दंड करतात. झोप मोजायचे यंत्र मात्र कुठल्याच नाक्यावर नाही.

पण झोपेचा हिशेब विज्ञानाने मांडला आहे. सलग १७ तास जागा असलेला माणूस जवळजवळ तेवढाच मंदावलेला असतो, जेवढा रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्य असलेला माणूस. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून दिवसभर राबलेला आणि रात्री दहानंतर लांबचे भाडे घेऊन निघालेला निर्व्यसनी चालक दारू प्यायलेल्या चालकाइतकाच धोकादायक असू शकतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेकवर पाय पडलेला नसतो. पहाटे दोन ते पाच ही वेळ सर्वांत वाईट. दुपारच्या जेवणानंतरची सुस्तीही तशीच. काच खाली करून, गाणी मोठ्याने लावून किंवा तंबाखूचा बार भरून झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी लावून १५-२० मिनिटे झोपणे हाच त्या वेळचा खरा उपाय.

अपघात झाला की सगळे चालकाला दोष देतात. गुन्हाही त्याच्याच नावावर नोंदवला जातो. तो किती तास जागा होता, हे कोणी विचारत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले. पुढे १९६१ च्या कायद्याने मोटार कामगारांसाठीही दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले. आज आपल्या मुलांना ट्रिपवर पैसे मिळतात. जितक्या ट्रिप जास्त, तितकी झोप कमी. हा प्रश्न संघटनेने मालकापुढे मांडायलाच हवा.

पण भाडे ठरवताना आपणही मालकच असतो, हे आम्हाला स्पष्टपणे सांगायचे आहे. दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जायचे ठरले की आपण माणशी खर्च वाचवायला बघतो. दिवसभर गाडी चालवलेल्या मुलालाच रात्री निघायला लावतो. दोन दिवस जागून तोच आपल्याला परत आणतो. काही ठिकाणी तर मालवाहू पिकअपमध्ये बायका-मुले बसवली जातात. अशा गाडीत माल भरायचा असतो. माणसांना तिच्यात धरायला काही नसते, आणि अपघात झाला तर तिच्यातल्या प्रवाशांना सहसा विम्याचे संरक्षणही नसते. अभिवादनाला निघालेली माणसे घरी सुखरूप परतली पाहिजेत. लांबच्या प्रवासाला दोन चालक घ्या, नाहीतर दिवसा निघा. माणशी पन्नास-शंभर रुपये जास्त पडले तरी चालतील.

दुसरी गोष्ट घराची. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने एका खोलीत कुठे झोपायचे? नळाची वेळ, मुलांची शाळा, टीव्ही, आणि दुपारी तापलेला पत्रा. चार तासांची तुटक झोप घेऊन तो पुन्हा गाडीवर जातो. आमची सूचना आहे, विहाराचा हॉल दुपारी रिकामा असतो, तो या चालकांना झोपायला उघडा ठेवा. पंखा आहे, सावली आहे, शांतता आहे. काही जण म्हणतील, विहार ही काय झोपायची जागा आहे का? आमच्या मते, ज्या माणसाच्या हाती उद्या वीस जणांचा जीव असणार आहे, त्याला सावध ठेवणे हे धम्माचेच काम आहे. महिला मंडळाने आणि विहार समितीने मिळून वेळ आणि नियम ठरवावेत.

चालकांनी स्वतःकडेही बघावे. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच औषधांनी झोप येते. औषध घेण्याआधी डॉक्टरांना सांगा, मी गाडी चालवतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी गाडी चालवू नका, साखर एकदम उतरून भोवळ येऊ शकते. कोणी जोराने घोरत असेल, झोपेत त्याचा श्वास अडकत असेल आणि दिवसा डुलक्या येत असतील, तर तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत, तपासून घ्या. वर्षातून एकदा डोळेही तपासा.

पुढच्या वेळी गाडी ठरवाल तेव्हा भाडे विचारण्याआधी चालकाला विचारा, "भाऊ, काल किती तास झोपलास?" उत्तर पाच तासांच्या आत आले, तर त्याला आधी झोपू द्या आणि मग निघा.

जयभीम.