गेम मोबाईलमध्ये नाही, पनवेलमध्ये चालणार! पण तो करंजापर्यंत पोचणार का?

उरणच्या पुढे, द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी करंजा आहे. समोर खाडी, पलीकडे रेवस. मच्छीमारांचं गाव. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि वरून पाऊस. अशा वेळी पोरं काय करणार? मोबाईल काढणार आणि टीममध्ये चौथा भिडू शोधणार.

समजा, त्यातल्या एकाला बीजीएमआयचा कंटाळा आलाय. त्याला जीटीए ६ खेळायचाय. रॉकस्टारने त्यासाठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली, पण प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. मोबाईलचं नाव त्यात नाही. प्लेस्टेशन ५ घ्यायचा तर पन्नास हजारांच्या घरात खर्च, टीव्ही वेगळा, गेमचे पैसे वेगळे.

या पोराला कंपन्या गेली काही वर्षं एकच उत्तर देतायत. मशीन घेऊच नकोस. मशीन आमच्याकडे राहील, तू फक्त खेळ. याला म्हणतात क्लाउड गेमिंग. जिओने २०२२ च्या अखेरीस याची चाचणी सुरू केली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सची क्लाउड सेवा भारतात आणली, महिन्याला साधारण पाचशे रुपयांपासून. गेमिंगचं भविष्य हेच, असं सांगितलं जातंय.

हे चालतं कसं?

यूट्यूबवर व्हिडिओ बघतो तसंच, फरक इतकाच की व्हिडिओ तुमचं ऐकतो. तुम्ही बटण दाबलं की तो इशारा डेटा सेंटरमधल्या कॉम्प्युटरकडे जातो. तो तुमच्या हिरोला उडी मारायला लावतो, त्याचं चित्र तयार करतो, ते दाबून छोटं करतो आणि परत पाठवतो. तुमचा फोन फक्त ते चित्र दाखवतो. हे सेकंदाला ६० वेळा. म्हणजे एका चित्राला जेमतेम १६ ते १७ मिलिसेकंद.

त्यामुळे कॉम्प्युटर किती लांब आहे, याला महत्त्व येतं. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. नुसतं जाऊन यायलाच ४० मिलिसेकंद गेले, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. तेवढ्यात समोरच्याने गोळी मारलेली असते. 'पिंग वाढला' म्हणून ओरडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता इथे करंजाचं नशीब बघा. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेट केबल मुंबईला किनाऱ्याला लागतात. त्यांच्याजवळ जागा आणि वीज हवी, म्हणून डेटा सेंटर ऐरोली, महापे, रबाळे करत नवी मुंबईभर पसरली. पनवेलमध्ये योट्टा कंपनीचं एनएम१ हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झालं. त्याची क्षमता ७,२०० रॅकची, रॅक म्हणजे सर्व्हर ठेवायचं कपाट. करंजापासून सरळ रेषेत अंतर साधारण तीस किलोमीटर. केबल वळसे घालून शंभर किलोमीटर फिरली तरी जाऊन यायला एक मिलिसेकंद.

कुठली कंपनी कुठला सर्व्हर वापरते ते क्षणभर बाजूला ठेवा. भूगोलाचा विचार केला तर उरण-पनवेल हा क्लाउड गेमिंगसाठी देशातला उत्तम पट्टा आहे. मग अडतं कुठे?

अठरा मिनिटांत डेटा संपतो

अडतं शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे टॉवर ते फोन. तिथे दोन भानगडी आहेत. एक म्हणजे विलंब. फायबरवर वाचवलेला वेळ ४जीच्या गर्दीच्या टॉवरवर सहज वाया जातो, आणि वाईट म्हणजे तो सारखा बदलतो. एका क्षणी ३० मिलिसेकंद, दुसऱ्या क्षणी १००. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण व्हिडिओ पुढचा भाग आधीच भरून ठेवतो. गेमला ते करता येत नाही, तुम्ही पुढे काय दाबणार हे त्याला माहीत नसतं.

दुसरी भानगड पैशांची. बरं चित्र हवं तर १५ एमबीपीएसचा वेग धरा. त्या हिशोबाने तासाला पावणेसात जीबी लागतात. रोज २ जीबीवाला रिचार्ज असेल तर तो अठरा मिनिटांत खल्लास! बीजीएमआयसारखा गेम फोनवरच चालतो आणि सर्व्हरशी फक्त 'कोण कुठे उभा आहे' एवढंच बोलतो, म्हणून त्याला तासाला शंभरेक एमबी पुरतात. फ्री फायर गावागावात का पोचला, याचं उत्तरही इथेच आहे. तो कमी रॅमच्या फोनवर चालायचा. ग्राफिक्सला हसणारे हसत राहिले.

५जी आल्यावर हे बदललं का? थोडं. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा जिओने अमर्याद ५जी फक्त रोज २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनवर ठेवलं. म्हणजे फोन ५जी हवा, रिचार्ज मोठा हवा आणि घरात सिग्नलही ५जीचाच हवा.

घरी फायबर असेल तर गणित एकदम वेगळं. चारशे रुपये अधिक जीएसटी, अशा प्लॅनमध्ये ३० एमबीपीएस मिळतं आणि महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. त्यात जवळपास पाचशे तास खेळता येईल, आई मध्ये आली नाही तर. फायबरचे चारशे, गेमच्या सेवेचे पाचशे, म्हणजे वर्षाला १०,८०० रुपये, कर सोडून. पाच वर्षांत ५४,०००. प्लेस्टेशनची किंमत झाली की! फायबर इतर कामालाही येतं आणि प्लेस्टेशनलाही लागतंच, हे मान्य. तरीही 'मशीन नको, पैसे वाचतील' या जाहिरातीतलं वाचणं हे एकरकमी नसतं, हप्त्याचं असतं.

पनवेलचं मशीन दुसऱ्याच कामात आहे

डेटा सेंटर जवळ आहे म्हणजे ते गेमसाठी आहे असं नाही. योट्टाकडे मार्च २०२४ पासून एनव्हिडियाच्या एच१०० चिप येऊ लागल्या. त्या आल्या एआयसाठी. एनव्हिडियाने नाव कमावलं गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डांवर, पण एच१०० मध्ये चित्र काढू शकणारा भाग अगदी नावापुरता ठेवलाय. स्क्रीन जोडायला जागाच नाही. त्यावर गेम धड चालणार नाही.

इतकंच नाही, एआयची ही भूक आता पोराच्या खिशापर्यंत आली आहे. जगातली बहुतांश मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआय सर्व्हरच्या मेमरीत जास्त नफा, म्हणून कारखाने तिकडे वळले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. कॉम्प्युटरची रॅम प्रचंड महागली, फोनवरही त्याचा ताण आला. ज्या डेटा सेंटरमुळे 'महाग मशीन घ्यायची गरज नाही' असं सांगितलं जातंय, त्यांच्याचमुळे मशीन महाग होतंय. गंमत नाही, पण आहे खरं.

आणि गेम नक्की कोणाचा?

नव्वदच्या दशकात घराघरात 'टीव्ही गेम' होता. पिवळी कॅसेट, त्यावर ९९९९ गेम लिहिलेलं, आत खरे वीसेक. चालली नाही तर फुंकर मारायची. पण ती कॅसेट तुमची होती. मित्राला उसनी देता यायची, बनवणारी कंपनी बुडाली तरी मारिओ उड्या मारायचा थांबत नव्हता.

सर्व्हरवरच्या गेमचं तसं नाही, हे भारतातल्या पोरांना जगात अनेकांच्या आधी कळलं. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलवर बंदी आली, ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुन्या खात्यातला माल आणायची सोय काही काळ मिळाली. २८ जुलै २०२२ ला तोही स्टोअरमधून गायब. मे २०२३ मध्ये परत. बंदी बरोबर की चूक हा वेगळा वाद, पण ज्याने बंदुकीच्या रंगासाठी पैसे भरले त्याच्या हातात दर वेळी काहीच नव्हतं.

गुगलने २०१९ मध्ये वाजतगाजत स्टेडिया ही क्लाउड सेवा काढली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद केली. गेमचे पैसे परत दिले, हे नशीब. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले, तेव्हा डिस्क विकत घेतलेल्यांचाही गेम मेला. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या याचिकेवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दुकानदाराला स्पष्ट सांगावं लागतं की तुम्ही गेम नाही, फक्त परवाना घेताय.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. त्यात पैसे लावून खेळायचे गेम बंद झाले, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली. रमीवर तेव्हा आपल्याकडे चर्चाही जोरात होती. विधिमंडळातल्या मोबाईलच्या व्हिडिओवरून माणिकराव कोकाटे यांचं कृषी खातं गेलं (रमी खेळल्याचा आरोप त्यांनी नाकारला होता) आणि मिळालं ते क्रीडा खातं! हा कायदा गरजेचा होता, कर्जबाजारी झालेली घरं लोकांनी पाहिली आहेत. पण पैसे देऊन घेतलेला गेम कंपनीने बंद केला तर ग्राहकाचं काय, हा प्रश्न त्याने हाताळलेला नाही.

आमचा अंदाज असा की पुढची काही वर्षं क्लाउड गेमिंग फायबरवाल्या घरांत वाढेल आणि बाकीचे फोनवरचे हलके, फुकट गेम खेळत राहतील. यात पुण्यातल्या सुपरगेमिंगसारख्यांना संधी आहे. त्यांचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला तो आधी मोबाईलवर, ते उगाच नाही.

एक तिसरी वाटही आहे, आणि ती जुनीच आहे. दोन हजारच्या दशकात काउंटर स्ट्राइक खेळायला पोरं सायबर कॅफेत तासावर पैसे द्यायची, कारण मशीन कोणाच्याच घरी नव्हतं. आता मशीन पनवेलला बसवता येतं. गावात हवी एक फायबर लाइन, एक मोठा टीव्ही, चार कंट्रोलर आणि पावसाळ्यात न गळणारी खोली. अडचण एकच, कंपन्यांची सदस्यत्वं एका माणसाच्या वैयक्तिक वापरासाठी असतात. तासावर विकता येईल असा परवाना स्वस्तात मिळाला, तर करंजातली ती चार पोरं एकाच खोलीत बसून खेळतील.