तालीम कोणती?

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत आखाडा. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये हे दोन्ही अर्थ एकमेकांशी भांडतात.

लॉस एंजेलिसचे यूसीएलए विद्यापीठ २०२४ मध्ये पश्चिमेकडचा पॅक-१२ गट सोडून अधिक तगड्या ‘बिग टेन’मध्ये गेले, टीव्हीच्या पैशासाठी. पहिल्याच मोसमात फुटबॉल संघ १२ पैकी ७ सामने हरला. त्याचे दुःख नाही. हरूनही खेळाडू शिकतो.

प्रश्न प्रवासाचा आहे. आता सामने थेट न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात. फुटबॉलवाले साधारण आठवड्यातून एकदा खेळतात. पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलींचे सामने कितीतरी जास्त. कमाई फुटबॉलची, तास बुडणार या मुलींचे. असा सौदा करताना विद्यापीठाने आधी हजेरीपट उघडायला हवा.